साहित्यचोरी झाल्यावर वकिलाकडे काय घेऊन जावे

आपली कथा कोणीतरी परस्पर वाचून यूट्यूबवर टाकली आहे, आपले चित्र एखाद्या दुकानाच्या कापडी पिशवीवर छापले गेले आहे किंवा आपली एकांकिका भलत्याच नावाने स्पर्धेत उतरली आहे, असे लक्षात आले की बहुतेक लेखक-कलावंत एकतर समोरच्याला फोन करून जाब विचारतात किंवा फेसबुकवर संतापून लिहितात. राग समजण्यासारखा असला, तरी याचा परिणाम हमखास उलटा होतो. समोरची व्यक्ती सावध होते, व्हिडिओ काढते, वर्णन बदलते, आणि आपण वकिलाकडे पोहोचेपर्यंत दाखवण्यासारखे काही उरत नाही. कॉपीराइटच्या तंट्यात वकील किती निष्णात आहे यापेक्षा अशिलाने आणलेली फाइल किती भक्कम आहे यावर बरेच काही ठरते, म्हणून ही फाइल कशी तयार करावी आणि ती हाती असताना कायद्यातील कोणता मार्ग धरावा, हे येथे मांडले आहे. विवेचन भारतातील कॉपीराइट अधिनियम, १९५७ आणि त्याखालील २०१३ च्या नियमांपुरते आहे.

आधी पुरावा, मग जाब

चोरी ऑनलाइन असेल तर मोबाइलवर घाईने घेतलेला अर्धवट स्क्रीनशॉट पुरेसा नसतो. संगणकावर ते पान उघडावे आणि पत्त्याची संपूर्ण ओळ, चॅनेलचे किंवा खात्याचे नाव, प्रसारणाची तारीख, प्रेक्षकसंख्या आणि मध्ये येणाऱ्या जाहिराती हे सर्व दिसेल अशा रीतीने ते टिपावे. स्क्रीनवर घड्याळ व तारीख दिसत असल्यास उत्तम. जाहिराती टिपण्याचे कारण असे की समोरच्याने आपल्या कामावर पैसे कमावले, हे नंतर सिद्ध करावे लागते. व्हिडिओ असल्यास तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्क्रीन रेकॉर्डिंगने जतन करावा. वेब पान असल्यास वेबॅक मशीन या वेब पाने जतन करणाऱ्या संकेतस्थळावर त्याची प्रत साठवता येते. ती त्रयस्थ ठिकाणी राहत असल्याने तिचे वजन वेगळे असते. वस्तू असल्यास ती विकत घ्यावी आणि दुकानदाराकडून बिल मागून घ्यावे.

हे सर्व इलेक्ट्रॉनिक पुरावे न्यायालयात सादर करायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. जुन्या पुरावा कायद्यात हीच तरतूद कलम ६५-बी म्हणून होती, आणि जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठामपणे सांगितले की मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणले जात नसेल तर हे प्रमाणपत्र टाळता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नमुन्यात दोन भाग आहेत. पहिला भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य नोंदवायचे असते. हॅश मूल्य म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी एक लांबलचक अक्षरमाला, जी फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी बदलते. म्हणून टिपलेली मूळ फाइल कापू नये, तिच्यावर लाल वर्तुळे काढू नयेत आणि ती व्हॉट्सअ‍ॅपने पाठवून तीच मूळ म्हणून ठेवू नये. वर्तुळे काढायचीच असतील तर वेगळ्या प्रतीवर काढावीत.

दुसरा गठ्ठा आपण हे काम आधी केले हे दाखवणारा. हस्तलिखित, खाडाखोडीचे कच्चे मसुदे, छायाचित्राची कॅमेऱ्यातील रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल, चित्राची थरांसह असलेली मूळ फाइल, संपादकाला पाठवलेली ईमेल आणि त्याचे उत्तर, प्रसिद्ध झालेल्या दिवाळी अंकाची प्रत, मानधनाचा धनादेश किंवा बँकेतील नोंद, असे जे असेल ते तारखेच्या क्रमाने लावावे. नाट्यलेखकांसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे सादर केलेली संहिता आणि तिचे प्रमाणपत्र हा तारीख सिद्ध करणारा उत्तम सरकारी कागद आहे, पण बहुतेकांना तो केवळ प्रयोगाच्या परवानगीपुरता वाटतो. संहिता स्वतःलाच टपालाने पाठवून पाकीट न फोडता कपाटात ठेवावे, असा सल्ला मात्र अजूनही दिला जातो. त्याला कायद्यात विशेष स्थान नाही, आणि उघडे पाकीट पाठवून नंतर चिकटवता येते हे प्रतिपक्षाच्या वकिलालाही ठाऊक असते.

हक्क आपल्याकडे आहे का

वकील पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारतो आणि अनेक प्रकरणे येथेच अडतात. सर्वसाधारण नियम असा की निर्मिती करणाराच पहिला मालक असतो, पण कलम १७ मधील अपवाद नीट समजून घ्यावेत. नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचे होते. पैसे देऊन काढून घेतलेले छायाचित्र, रंगवून घेतलेले चित्र किंवा करून घेतलेला चित्रपट यांची पहिली मालकी, पुन्हा वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जाते. लग्नाच्या छायाचित्रकाराला हा नियम ऐकून धक्का बसतो. आपण टिपलेली छायाचित्रे साडीच्या दुकानाने फलकावर लावली म्हणून तो तक्रार घेऊन येतो, आणि कायद्याने ती छायाचित्रे नवरा-नवरीच्या मालकीची निघतात. उपाय सोपा आहे: बुकिंगच्या अर्जावर ‘छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, ग्राहकास वैयक्तिक वापराचा परवाना असेल’ एवढे एक वाक्य छापून त्याखाली ग्राहकाची सही घ्यावी.

लेखकांची स्थिती तुलनेने बरी आहे, फक्त ती त्यांना माहीत नसते. कलम १९ प्रमाणे कॉपीराइटचे हस्तांतर लेखी आणि लेखकाच्या सहीनेच होते. दिवाळी अंकाने कथा छापली आणि मानधन दिले म्हणून कथा अंकाच्या मालकीची होत नाही. त्यामुळे वर्षभराने त्याच अंकाच्या प्रकाशकाने ती ध्वनिपुस्तकात घातली तर त्यालाही नव्याने परवानगी घ्यावीच लागते. करारावर सही केली असेल तरी तो काढून पाहावा. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर ५ वर्षांचेच मानले जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर ते भारतापुरते असते, आणि घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरला नाही तर, करारात वेगळे नमूद केले नसल्यास, तो संपुष्टात येतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आणखी एक संरक्षण मिळाले: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यावसायिक वापरात नव्हते, त्या माध्यमाचे हक्क करारात स्पष्टपणे नमूद केलेले नसतील तर ते हस्तांतरात येत नाहीत. 

हक्क विकल्यानंतरही कलम ५७ खालील विशेष अधिकार लेखकाकडे उरतात. आपल्या कामाला आपले नाव लागावे आणि आपल्या लौकिकास बाधा येईल अशी मोडतोड कोणी करू नये, हे ते अधिकार. विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते शिल्पकाराला परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला, आणि शिल्प सरकारने विकत घेतलेले होते ही सबब चालली नाही. ज्या कवींच्या कविता नाव गाळून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यांचा खरा आधार हे कलम आहे.

चोरी आणि साम्य

केवळ कल्पना कोणाच्या मालकीची नसते. तिची मांडणी असते. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिलेली कसोटी आजही वापरली जाते: दोन्ही कलाकृती पाहणाऱ्या किंवा वाचणाऱ्या सामान्य माणसाची, दुसरी ही पहिलीची नक्कल आहे अशी निःसंशय भावना झाली पाहिजे. गावात परतलेल्या मुलाची गोष्ट शंभर जण लिहू शकतात. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी दोन रकान्यांचा तक्ता करावा: डावीकडे आपल्या संहितेतील पृष्ठ व मजकूर, उजवीकडे समोरच्याचा मजकूर किंवा व्हिडिओतील मिनिट-सेकंद. पात्रांची नावे बदलली तरी प्रसंगांचा क्रम, संवाद आणि विशेषतः आपल्या चुका त्यात तशाच उतरल्या आहेत का, हे पाहावे. चुकीची तारीख, उगाच आलेले विशेषण, छपाईतील दोष हे सगळे नकलेत जसेच्या तसे आले असेल तर त्याहून बोलका पुरावा नाही. असा तक्ता वकिलाचे तासन्तासांचे काम वाचवतो, अर्थात आपले शुल्कही.

कल्पना एखाद्या वाहिनीला किंवा निर्मात्याला ऐकवली आणि त्यांनी ती परस्पर वापरली, तर कॉपीराइटबरोबर विश्वासभंगाचाही दावा करता येतो. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या २००३ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने हा आधार मान्य केला. त्यासाठी भेटीनंतर त्याच संध्याकाळी ‘आज आपणांस ऐकवलेली ही संकल्पना गोपनीय समजावी’ अशी टिपणासह ईमेल पाठवण्याची सवय ठेवावी.

आपल्याला अन्याय वाटला तरी कायद्याने चोरी नसलेल्या गोष्टीही आहेत. समीक्षेसाठी घेतलेला उतारा, वृत्तांकनातील वापर, खासगी अभ्यासासाठीची प्रत यांना कलम ५२ ने सूट दिली आहे. याच कलमानुसार हौशी मंडळाने विनातिकीट प्रेक्षकांपुढे केलेला प्रयोग उल्लंघन ठरत नाही. गणेशोत्सवात गल्लीतल्या मुलांनी मोफत केलेल्या एकांकिकेविरुद्ध नोटीस पाठवणे म्हणूनच व्यर्थ आहे. लेखकाचे नाव गाळले असेल तर ती तक्रार निराळी. प्रवेशमूल्य घेऊन झालेल्या प्रयोगाला मात्र ही सूट सहसा लागू नाही.

नोंदणी

कॉपीराइट निर्मितीबरोबरच जन्माला येतो. नोंदणी सक्तीची नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्याच एका जुन्या निकालामुळे याबद्दल संभ्रम होता, तो संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग या २०२१ च्या निकालाने दूर केला. तरीही व्यावसायिक मूल्य असलेल्या कामाची नोंदणी करावी असे माझे मत आहे, कारण कलम ४८ नुसार नोंदवही हा प्रथमदर्शनी पुरावा असतो आणि तातडीचा मनाई हुकूम मागताना तो फार उपयोगी पडतो. नमुना १४ मधील अर्ज दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. साहित्यकृती, नाट्यकृती, संगीतकृती किंवा कलाकृती यांसाठी शुल्क ५०० रुपये, वस्तूंवर वापरल्या जाणाऱ्या कलाकृतीसाठी २,००० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये आणि चित्रपटासाठी ५,००० रुपये आहे. अर्ज भरल्यावर डायरी क्रमांक मिळतो, हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते आणि नंतर छाननी होते. कापड, दागिने किंवा भांडी यांवरील नक्षी करणाऱ्यांनी मात्र येथे थबकावे: डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगी नक्षी तिथे न नोंदवता औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा अधिक वस्तूंवर उमटवली, की तिच्यावरील कॉपीराइटच संपतो.

तक्रार, नोटीस, दावा

आपल्याला नेमके काय हवे आहे, हे या टप्प्यावर ठरवावे लागते. फक्त मजकूर हटवायचा असेल तर न्यायालयाची पायरी चढण्याची गरज बहुधा पडत नाही. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम यांच्याकडे कॉपीराइट तक्रारीचे स्वतंत्र अर्ज आहेत आणि ते वकिलाशिवाय भरता येतात. प्रत्येक व्हिडिओचा वेगळा दुवा द्यावा, ‘या चॅनेलवरील सर्व’ असे लिहू नये. यूट्यूबवर समोरच्याने प्रतिसूचना, म्हणजे आपली तक्रार चुकीची असल्याचे लेखी उत्तर, दिली तर आपण अमेरिकी कामकाजाच्या १० दिवसांत न्यायालयीन कारवाई सुरू केल्याचा पुरावा द्यावा लागतो, अन्यथा व्हिडिओ परत येतो. म्हणजे पुढे जाण्याची तयारी नसताना केलेली तक्रार अर्ध्यात सुटू शकते. भारतीय नियमांतही असेच आहे. २०१३ च्या नियम ७५ प्रमाणे, दुवा देणाऱ्या किंवा तात्पुरता साठा करणाऱ्या ऑनलाइन सेवेकडे (कायद्याच्या भाषेत मध्यस्थाकडे) लेखी तक्रार केल्यास त्याने ३६ तासांत प्रवेश थांबवायचा असतो, पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून दिला नाही तर तो मजकूर पुन्हा खुला करू शकतो.

नाव, खुलासा किंवा पैसे हवे असतील तर नोटीस पाठवावी. ती वकिलाकडून जावी हे श्रेयस्कर, परंतु तिचा गाभा आपणच लिहून न्यावा, उदाहरणार्थ असा: ‘सदर कथा मी लिहिली असून ती अमुक अंकाच्या पृष्ठ ४१ ते ५२ वर माझ्या नावाने प्रथम प्रसिद्ध झाली. आपण अमुक तारखेस अमुक दुव्यावर तिचे संपूर्ण वाचन माझ्या परवानगीशिवाय व माझे नाव न देता प्रसारित केले आहे. ही नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत ते काढावे, त्यातून झालेल्या उत्पन्नाचा हिशेब द्यावा आणि लेखिकेच्या नावासह खुलासा त्याच चॅनेलवर द्यावा.’ त्यात विशेषणे नसावीत, ‘तुरुंगात टाकू’ ही भाषा तर नकोच. कलम ६० नुसार निराधार धमकी देणाऱ्यावर उलट दावा होऊ शकतो. नोटीस स्पीड पोस्टने पोचपावतीसह आणि ईमेलनेही पाठवावी.

दावा जिल्हा न्यायालयात किंवा त्यावरील न्यायालयात होतो, आणि कलम ६२ ने निर्मात्याला एक मोठी सवलत दिली आहे: तो जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथेच दावा दाखल करता येतो. कोल्हापूरच्या चित्रकाराला गुरगावच्या कंपनीमागे धावावे लागत नाही. वादाचे मूल्य ३ लाख रुपये किंवा अधिक असेल तर प्रकरण वाणिज्य न्यायालयाकडे जाते आणि तातडीचा अंतरिम आदेश मागितलेला नसल्यास आधी मध्यस्थी करणे बंधनकारक असते. मनाई हुकूम, नुकसानभरपाई, नफ्याचा हिशेब आणि चोरीच्या प्रतींचा ताबा असे उपाय मागता येतात. चोर कोण हेच ठाऊक नसेल तर अज्ञात प्रतिवादीविरुद्ध आदेश मिळतो. भारतीय वकिली बोलीत त्याला ‘अशोक कुमार’ आदेश म्हणतात, आणि त्यामागे कोणी खरा अशोक कुमार नाही. दाव्याची मुदत सामान्यतः ३ वर्षे असली तरी अंतरिम मनाई हवी असेल तर महिनेही दवडू नयेत, कारण माहीत असूनही गप्प बसलेल्यास तातडी कसली, असे न्यायालय विचारते.

फौजदारी मार्गही आहे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ६३ नुसार ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात स्पष्ट केले. छापील पुस्तकांच्या बनावट प्रती रस्त्यावर विकल्या जात असतील तर पोलिसांचा छापा हाच प्रभावी उपाय, कारण उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. मात्र दोन लेखकांमधील साम्याच्या वादात पोलीस ठाणे ही योग्य जागा नव्हे. साहित्याची तुलना ठाणे अंमलदाराने करावी ही अपेक्षाच चुकीची.

परदेशातील मराठी निर्मात्यांसाठी एक टीप. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारामुळे भारतात प्रथम प्रसिद्ध झालेल्या कामाला सदस्य देशांत संरक्षण मिळते. परंतु अमेरिकेत राहून तेथेच प्रथम प्रसिद्ध केलेल्या कामासाठी, तेथील न्यायालयात दावा लावण्यापूर्वी अमेरिकी कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करावी लागते.

वकील, खर्च आणि तडजोड

जमिनीचे दावे चालवणारा घरचा वकील प्रामाणिक असला तरी या विषयात चाचपडतो. पूर्वी कॉपीराइटचा मनाई अर्ज चालवला आहे का, हे थेट विचारावे, आणि सल्ला, नोटीस, अंतरिम अर्ज व संपूर्ण दावा यांचे शुल्क वेगवेगळे लेखी मागावे. पैशांअभावी मागे हटण्यापूर्वी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि विहित मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक मोफत वकिलास पात्र आहेत. स्त्रियांना उत्पन्नाची अटही नाही. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे. पटकथाकारांना मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहिता नोंदवता येते व सभासदांचे तंटे तिच्या समितीपुढे नेता येतात. गीतकार-संगीतकारांनी त्यांच्या वतीने मानधन गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासदत्व घ्यावे.

बहुतेक प्रकरणे तडजोडीत मिटतात, आणि घाईने लिहिलेल्या तडजोडीतून दुसरे भांडण उभे राहते. मजकूर कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणकोणत्या ठिकाणांहून काढायचा, खुलाशाचे नेमके शब्द कोणते, तो किती दिवस ठेवायचा, रक्कम किती हप्त्यांत आणि करकपात वजा जाता किती, हे सारे लिहून घ्यावे. मिळणारी रक्कम झालेल्या वापराची भरपाई आहे, पुढील वापराचा परवाना नाही, हे वाक्य त्यात नसेल तर सही करू नये. दावा दाखल झालेला असल्यास तडजोडीच्या अटी न्यायालयात सादर करून तसा हुकूमनामा करून घ्यावा, म्हणजे अट मोडल्यास नव्याने दावा न लावता थेट अंमलबजावणीचा अर्ज करता येतो.